परुळेकर बाईंचा शनिवारचा तास

तांबाकाट्याच्या भांडीबाजारात कढयांचा सौदा चालला होता. व्यापारी जुना. वीस वर्षं मी त्याच्याशी भांडत आलोय. पाऊण तास घासाघीस झाल्याशिवाय आमचं जमत नाही, आणि दोघांनाही त्यात मजा येते. तेवढ्यात परुळेकर बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. सकाळी बाई चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या... डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन खिशात टाकला, व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाला हो म्हटलं आणि बाहेर पडलो. तो बिचारा मागे धावत आला, शेट, बरं वाटत नाही का म्हणून विचारायला.

याला सहा आठवडे झाले. दुःख थोडं निवलंय. राग निवलेला नाही. परळच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात बाईंनी ग्रंथपाल म्हणून अख्खी नोकरी काढली, त्या कॉलेजावरचा हा राग आहे. बारावीच्या मुलांसाठी दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर लायब्ररीत त्या एक तास घ्यायच्या. तो तास कॉलेजने बंद केला, आणि तो पुन्हा सुरू झालेला न बघताच बाई गेल्या.

आमची ओळख भांडणातूनच झाली. लालबागला माझं भांड्यांचं दुकान आहे. सोळाव्या वर्षी देवगडहून आलो, दुसऱ्याच्या दुकानात डोक्यावरून पिंपं वाहिली आणि पुढे त्याच रस्त्यावर स्वतःचा गाळा केला. गल्ल्याच्या वर ठळक पाटी लावली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एका दुपारी खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई कुकर घेऊन आल्या. शिट्टी होत नाही म्हणाल्या. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि वाचता येत नाही का, असं विचारलं.

“येतं ना. ग्रंथपाल आहे मी,” त्या म्हणाल्या. “पाटी कोणी लिहिली?”

“मी.”

“बरं झालं. म्हणजे बदलणारा माणूसच समोर आहे.”

मी खूप ओरडलो. वापरून खराब केलात म्हणालो, रिंग बसवता येत नाही म्हणालो, गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणालो. बाई स्टुलावर बसून राहिल्या. माझं बोलून झालं की तेवढंच पुन्हा सांगायच्या: कुकर चार दिवसांपूर्वी घेतला, वाफ कडेने जाते, मला दुसरा हवा, आज हवा. आवाज चढला नाही आणि पडलाही नाही. अर्ध्या तासाने मी दुसरा कुकर काढून दिला. मला असं कोणी कधी हरवलं नव्हतं... आणि हरवताना अपमानही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. आता काय, म्हणून मी पुढे सरसावलो, तर म्हणाल्या, “घाडीशेट, तुम्ही फार छान ओरडता. माझ्या मुलांवर ओरडाल का?”

मग त्यांनी तासाबद्दल सांगितलं. मुलं सतरा-अठराची होतात, वर्षभरात कोणी नर्सिंगला जातो, कोणी परगावी हॉस्टेलला, कोणी थेट नोकरीला. गणितं सोडवतात, पण हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर आजोबांच्या तपासणीचं नेमकं काय विचारायचं, हे त्यांना येत नाही. सही करायचा कागद वाचत नाहीत. मित्राला नाही म्हणता येत नाही. घरच्यांना न आवडणारी गोष्ट घरच्यांना सांगता येत नाही. म्हणून बाई दर शनिवारी एक काम द्यायच्या. अनोळखी माणसाला फोन करून हवी ती माहिती काढायची. बँकेत जाऊन स्लिप स्वतः भरायची. आईला एकही प्रश्न न विचारता चार माणसांचा वरणभात करायचा. हॉस्टेलचा फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा आणि न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायची. आता त्यांना खराब माल परत करायला शिकवायचं होतं आणि त्यासाठी खराब माणूस हवा होता. तो मी.

त्यांनी माझ्याकडून नियम पाठ करून घेतले. मुलांच्या आईबापांवरून बोलायचं नाही, जातीवरून नाही, दिसण्यावरून नाही, मुलगी आहेस म्हणून काही नाही. बाकी सगळं चालेल. लायब्ररीतला गळका थर्मास घेऊन एकेक मूल दुकानात यायचं आणि मी सुटायचो. बिल कुठाय, तूच पाडलास, जा तुझ्या बापाला... इथे जीभ चावून मी मालवणीत घुसायचो, माका शिकवतस? रडू आलं तर पाणी द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. आवाज चढला की मूल हरलं. शांतपणे उभं राहून शेवटपर्यंत आपलं मागणं सांगितलं की मी टाळी वाजवायची, पास म्हणायचं आणि थर्मास लायब्ररीत परत पाठवायचा.

ओंकार म्हणून एक मुलगा होता, वर्गात पहिला. माझ्या पहिल्याच ओरडण्याला त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात देत म्हणाला, “मम्मी बोलेल.” मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या, आणि पुढच्या शनिवारपासून सगळ्यांचे फोन लायब्ररीच्या खणात गेले. हाच ओंकार चार खेपा हरला. पाचव्या खेपेला मला म्हणाला, “तुमचं ओरडून झालं की मी बोलतो, मला घाई नाही.” मी टाळी वाजवायलाही विसरलो. दहावी नापास माणूस मी, कोणाला काही शिकवायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळपासून मी घसा सांभाळून असायचो.

सात वर्षं हे चाललं. मग माझ्याच हातून घोटाळा झाला.

तनया नावाची मुलगी एका शनिवारी गणवेशात आली, हातात कुकर. मला वाटलं, बाईंनी थर्मासऐवजी या वेळी कुकर दिला. मी सुरू झालो. ती हलेना. कधी नव्हे ते कोणीतरी माझ्या तोडीचं आलं होतं, म्हणून मीही पेटलो. पाऊण तास झाला, रस्त्यावर माणसं जमली. शेवटी मी टाळी वाजवली, पास म्हणालो, आणि कुकर तिच्या हातात देऊन सांगितलं, जा, लायब्ररीत ठेवून ये.

ती म्हणाली, “काका, हा आमचा खराच कुकर आहे. खराब निघालाय.”

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो आणि लगेच नवा कुकर दिला. पण समोरच्या फुटपाथवर तिची आई उभी होती. बाप्या आपल्या पोरीवर पाऊण तास ओरडतोय एवढंच तिला दिसलं होतं, आणि तिने व्हिडिओ काढला होता. रात्रीपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर फिरला. सोमवारी तिची लेखी तक्रार कॉलेजात गेली. दुकानात काय झालं ते प्राचार्यांनी कोणालाही विचारलं नाही. तनयालाही नाही! मुलांचा मानसिक छळ होतो असं कागदावर लिहिलं आणि तास बंद केला. बाईंनी माफीनामा द्यावा असं सुचवलं गेलं. बाईंनी तो दिला नाही. मी तोंड लपवत त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी एकच विचारलं, पोरगी शेवटपर्यंत टिकली ना?

बाई निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी कॉलेजने एक बाहेरची कंपनी आणली. विषयाला आता भारदस्त नाव मिळालं, जीवनकौशल्ये. पडद्यावर सरकणारी चित्रं, हसरे चेहरे, ‘स्वतःला ओळखा’. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. त्या परीक्षेचा कागद माझ्या दुकानात येणाऱ्या एका मुलीने मला दाखवला. दुकानदाराने सदोष वस्तू परत घेण्यास नकार दिल्यास तुम्ही काय कराल? चार पर्याय, योग्य त्यावर खूण करा. खूण करा! सगळा वर्ग पास. अहो, यातल्या किती जणांना माझ्यासमोर दोन मिनिटं उभं राहता येईल? एकदा पाठवून तर बघा.

बाई मात्र चिडल्या नाहीत. गिरगावातल्या त्यांच्या खोलीत गेलो की एकच विषय निघायचा. लायब्ररीत आलेल्या नव्या मॅडम तास घ्यायला तयार आहेत, प्राचार्यांनी हो म्हणायला हवं. मी म्हटलं, माझ्यावर सोपवा, भल्याभल्यांना मी खाली आणलंय. गेलो, आणि पाच मिनिटांत प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी वॉचमनला बोलावलं. बाईंना येऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सात वर्षं तुम्ही मुलांना आवाज चढवू देत नव्हता ना, घाडीशेट...” आणि माझ्यासाठी पोहे करायला उठल्या. तीच शेवटची भेट.

शोकसभेला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. प्राचार्य बोलले. परुळेकर मॅडम मितभाषी होत्या, ग्रंथालयात त्यांनी कायम शांतता राखली, त्यांची शिस्त स्मरणात राहील. पाठोपाठ कॉलेजच्या जीवनकौशल्ये उपक्रमाला मिळालेल्या प्रतिसादाची माहिती, त्याच दमात. ज्या बाईने मुलांना बोलायला शिकवलं, तिची आठवण काय, तर शांतता! मी उभा राहिलो. हा उपक्रम मुळात कोणाचा, ते आधी सांगा, म्हणालो. कोणीतरी माझा हात धरून खाली बसवलं आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळायची सूचना झाली. ती दोन मिनिटं माझ्या कानात नुसता जाळ होता.

बाहेर जिन्यात तनया भेटली. आता इथल्याच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनचं शिकते. बरोबर तिची आई होती. माऊली माझ्याकडे बघत नव्हती. तनया म्हणाली, काका, आम्ही प्राचार्यांकडे जाणार आहोत, तुम्ही या, पण बाहेर बसा. मला राग आला, पण बसलो. वीस मिनिटं बंद दाराकडे बघत बाकावर बसून काढली. आतून एकही मोठा शब्द ऐकू आला नाही. नंतर कळलं, आईने सांगितलं की व्हिडिओ मी काढला होता, माझी चूक झाली, आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. तनयाने प्राचार्यांना फक्त विचारलं, तक्रारच उरली नाही, मग तास कशासाठी बंद आहे? मी दोन वर्षं ज्याच्यासाठी आरडाओरडा केला, ते या पोरीने एका प्रश्नात मिळवलं.

“मिळाला,” बाहेर येऊन ती म्हणाली. “पुढच्या महिन्यापासून. नवीन मॅडम घेतील. तुम्हीपण यायचंय, पण दुकानात नाही, लायब्ररीत येऊन ओरडायचं.”

“आणि बाईंचं नाव? त्यांचं नाव देणार ना तासाला?”

“मी नाव मागितलंच नाही, काका. मागितलं असतं तर तास राहिला असता बाजूला आणि नावावरूनच बोलणं झालं असतं.”

तिचं बरोबर होतं. बाईंनी शिकवलेली मुलगी बरोबरच असणार. मी मान डोलावली आणि घरी आलो. पण परवा कॉलेजच्या फलकावर कागद लागलाय तो वाचून आलोय. बारावी, शनिवार, साडेबारा, जीवनकौशल्ये, स्थळ ग्रंथालय. खाली एक ओळ: संकल्पना, प्राचार्य.

संकल्पना! तनयाला जे मागायचं नव्हतं ते मी इथे लिहून ठेवतो, कारण फलकावरचा कागद बदलता येतो, छापून आलेलं कोणाला काढून टाकता येत नाही. हा तास शैलजा परुळेकर यांनी सुरू केला, वेळापत्रकात जागा नसताना, लायब्ररीतल्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसून. येत्या शनिवारी साडेबाराला मी त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणार आहे. माझ्यासमोर पहिलं जे मूल उभं राहील, त्याला बिल विचारायच्या आधी विचारणार आहे, हा तास कोणाचा? आणि बरोबर नाव येईपर्यंत बाकी काही ऐकून घेणार नाही.