साडूंचा सर्व्हर

शेळगावच्या आमच्या साडूंइतका माणसाला दमवणारा सज्जन अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल. मी राहतो बारामतीत, मधे चांगलं अंतर आहे, पण त्याचा काही उपयोग होत नाही. सकाळी सहाला फोन वाजतो. "पाव्हणं, उठलाय न्हवं? जरा म्हशीचा व्हिडिओ लावा." मी डोळे चोळत मोबाईलवर म्हशीचा व्हिडिओ लावतो. म्हैस मान वळवते आणि अडकते; तिच्या तोंडावर गोल चक्र फिरत राहतं. "अडकली," मी सांगतो. "कुठं अडकली?" "मान वळवताना." "म्हंजी कालच्यापरीस फुडं गेली की!" असं म्हणून ते खुशीत फोन ठेवतात. माझी झोप मात्र गेलेली असते.

साडूंनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून दिली. लेक लग्न होऊन कॅनडाला गेली तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्याचा सर्व्हर केला. घरचे सगळे व्हिडिओ त्यात भरले: तिच्या शाळेचं गॅदरिंग, उसाची लागण, म्हैस व्याली तो पाऊण तास. तिनं तिकडे बसून मोबाईलवर बघायचं. पण गावातलं इंटरनेट बारीक, म्हणून व्हिडिओ जाता जाता लहान करून पाठवावा लागतो. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, हे ज्ञान मला माझी इच्छा नसताना मिळालं. ते काम ग्राफिक्स कार्डानं करायचं, तर कार्ड ढिम्म. सगळा भार प्रोसेसरवर, पंखा मळणी मशीनसारखा ओरडतोय, आणि लेक फोनवर म्हणाली, "आण्णा, अडकतंय ओ." ते ऐकल्यापासून साडूंना चैन नाही, आणि त्यांना नाही म्हणून मला नाही.

त्यांचा इलाज मोटारीचाच. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "कार्ड झोपलंय. सगळं वझं प्रोसेसर वडतोय." निदान बरोबर निघायचं, हेच जास्त वैतागाचं. कार्ड काढून, पुसून, तीनदा परत बसवलं. एकदा व्होल्टेजचा संशय आला, तेव्हा शेजारच्या मळ्यांत जाऊन विनवलं, "अर्धा तास मोटारी बंद ठिवा, लेकीला म्हैस दाखवायचीय." लोकांनी ठेवल्याही! माझी मेहुणी चहा देताना म्हणाली, "दाजी, मी दोन म्हैनं आजारी हुते, तवा माझी एवढी नाडी बघितली न्हाय कुणी."

तिसऱ्या महिन्यात फोन आला, नेहमीच्याच वेळी. "सापडलं, पाव्हणं! कार्ड चांगलं हाय. ते वापरायची परवानगी कॉम्प्युटरमधल्या एका गटालाच हाय, आन् आपला व्हिडिओ पाठवायचा प्रोग्राम त्या गटाचा सभासदच न्हाय! तीन म्हैनं बिचारा दारात हुबा!" सहकारी संस्थांची एकही सभा न चुकवणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. त्यांनी एक ओळ टाईप करून त्याला सभासद करून घेतलं आणि म्हैस एकदाही न अडकता व्याली. सुटलो म्हणून मी पुन्हा झोपलो.

पंधरा दिवसांनी शेळगावला जेवायला गेलो. साडू स्क्रीनसमोर बसले होते. तिथे कोपऱ्यात आत्ता कितीजण बघतायत तो आकडा दिसतो. शून्य होता.

"तिला कळवलं का?" मी विचारलं.

"कळवलं की. बघते म्हणली सवडीनं. तिकडं लई काम आसतंय."

ते हात धुवायला गेले तेव्हा मेहुणी हळूच म्हणाली, "रोज सकाळी बसत्यात हितं. आकडा काय हालत न्हाय." मला फार वाईट वाटलं. इतके दिवस या माणसाला मी मनात शिव्या दिल्या, त्याची लाजही वाटली.

आता सकाळी फोन येत नाही, तरी सहाला जाग येतेच. दुसऱ्या दिवसापासून मीच गॅदरिंगचा व्हिडिओ लावू लागलो, मुद्दाम लहान आकाराचा निवडून, म्हणजे कार्डालाही काम. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"पाव्हणं, ह्यो एकजण तुमीच न्हवं?"

"मीच," म्हटलं.

 ते म्हणाले, "आसू द्या. पुरतं बघा. मधनंच बंद करू नगा."