डॉक्टर आमच्या होडीत बसले

डॉ. दामोदरपंतांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी जिवंत नव्हतो. डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी "पहिल्या ओळखीपासून लिहा" असे कळवले, म्हणून नाइलाजाने तिथूनच सुरुवात करतो.

पालघरला सातपाटी विरुद्ध बोईसर असा हुतूतूचा सामना होता. मी चढाईवर गेलो, पकडला गेलो आणि अंगावर पाच जण असताना माझा आवाज बंद झाला. हुतूतूत आवाज थांबला म्हणजे दम गेला, आणि दम गेला म्हणजे गडी बाद. पंचांनी शिट्टी दिली. बोईसरच्या संघात तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेला एक गडी होता, तो "उठो भाई" म्हणून हात देऊ लागला. मी उठलो नाही. बाद झालो की रुसून पडून राहायची मला वाईट खोड होती, त्यामुळे आमचेच गडी हसत होते. "पुरे कर तुजी नाटकं," म्हणत कुणी पायही ओढले म्हणे.

बक्षीस द्यायला आलेले डॉक्टर मात्र खुर्ची सोडून धावले. नाडी लागेना. त्यांनी मला उताणे केले, दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली आणि मधूनमधून तोंडाने श्वास दिला. असला प्रकार आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. माझे काका, आमच्या होडीचे तांडेल म्हणजे प्रमुख, त्यांच्या अंगावर धावून गेले.

"मेलेल्याला कशाला मारता, डाक्टर?"

"मेलाय की नाही ते मला ठरवू द्या," असे म्हणून डॉक्टर दाबतच राहिले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, पण हृदय चालू झाले. ही रीत त्यांनी नुकतीच कुठेतरी वाचली होती. "करून पाहिलेला पहिला माणूस तूच," हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी, जरा संकोचून सांगितले.

मुंबईच्या इस्पितळातून मी घरी आल्यावर डॉक्टर दर रविवारी सायकलीने सातपाटीला येत. आधी अंगणापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग बंदरापर्यंत, असे त्यांनी मला पुन्हा चालवले. ते मूळचे साताऱ्याकडचे. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास त्यांना सोसत नसे. नाकाला रुमाल लावून चालत, पण रविवार चुकवत नसत. आई दर खेपेला बरगड्यांवरून त्यांना सुनवायची आणि ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे. हुतूतू त्यांनी मला कायमचे बंद केले, तेव्हा मी रडलो.

दर्यावर जायला मात्र त्यांनी परवानगी दिली. पण मला होडीत घेणार कोण? गाव मला 'दम गेलेला' म्हणू लागले होते. मासेमारी सुटली तर मी करणार काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. काका बिचारे घाबरत होते. "दर्यात याला काय झालं तर याच्या आईला मी काय तोंड दाखवू? तितं डाक्टर हाय का?"

डॉक्टर तिथेच उभे होते. "आहे," ते म्हणाले. "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते औषधांची पेटी घेऊन होडीत चढले. त्यांना पोहता येत नव्हते. किनारा दिसेनासा व्हायच्या आत उलट्या सुरू झाल्या, त्या दुपारपर्यंत काही थांबल्या नाहीत. मी जाळे ओढत होतो आणि मधे मधे येऊन त्यांचे डोके धरत होतो. तशातही ते माझी नाडी बघायला हात पुढे करत. शेवटी काका माझ्यावर खेकसले, "अरे, तू डाक्टरला बघ. तुला काय धाड भरलीय?"

वर्षभरात मला धडधाकट माणसासारखे पहिल्यांदाच कुणी झापले होते. मला इतका आनंद झाला की हसावे की रडावे कळेना. त्यानंतर काकांनी मला होडीतून कधी उतरवले नाही.

त्याच वर्षी माझे लग्न झाले. आता मला दोन लहान मुली आहेत आणि त्या डॉक्टरांना आजोबा म्हणतात. डॉक्टरांची साठी आम्हा सातपाटीकरांना घरच्या कार्यासारखी वाटते. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्या मुली अजून फार लहान आहेत. त्यांना आजोबा पुष्कळ वर्षे लागणार आहेत.