घरमालकांचा बोलका लॅपटॉप

आमच्या जांबे गावच्या घरमालकांकडून या भूतलावर कुणीही, कधीही, काहीही मंजूर करून घेतलेलं नाही. मत मागायला आलेले उमेदवार, विम्याचे एजंट, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारे, आणि त्यांचे स्वतःचे दोन मुलगे, सगळे त्यांच्या ओट्यापर्यंत येतात, 'न्हाई' हा एक शब्द घेतात आणि परत जातात. त्यांच्या तीन मजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर पाच वर्षं भाड्याने राहतोय. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, भिंतीला एक खिळा ठोकू का?" "न्हाई." "गॅलरीत तुळस ठेवली तर?" "न्हाई. पानी मुरतं." "बरं, मग निदान दोरी बांधू?" यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी आठवडाभर ओले कपडे खुर्चीवर वाळवले. एकदा कुरिअरवाला त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आला आणि मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करा म्हणाला. काकांनी बोट धोतराच्या सोग्यात लपवलं. पार्सल तीनदा आलं, तीनदा परत गेलं, आणि शेवटी काका स्वतः हिंजवडीला जाऊन दुकानातून गोळ्या घेऊन आले. त्यांचा गोळ्यांवर राग नव्हता. लग्नाच्या पंगतीतही मी पाहिलंय, वाढपी "जिलबी वाढू?" म्हणाला की हे पानावर आडवा हात धरतात, आणि तो पुढे गेला की शेजारच्याच्या पानातली उचलून खातात. त्यांना वस्तू नको असते असं नाही, त्यांना कुणी विचारलेलं नको असतं. हे एवढं सगळं मला माहीत होतं, आणि तरीही त्यांच्या लॅपटॉपपायी माझे दोन आठवडे वाया गेले. याचा दोष मी त्यांना देऊ की स्वतःला, ते अजून ठरत नाही.

तो लॅपटॉप एका भाडेकरूने नोकरी बदलून जाताना मागे सोडला होता. दुसऱ्या कुणी तो भंगारात घातला असता. काकांनी सत्तरी उलटल्यावर तो शिकून घेतला. उजव्या हाताच्या एकाच बोटाने, प्रत्येक अक्षरावर बी पेरल्यासारखं थांबत, ते रोज सकाळी ओट्यावर बसून टाइप करत. काय टाइप करत होते, तर शेतांची नावं. आता जिथे काचेच्या इमारती आणि पार्किंग आहे, तिथल्या प्रत्येक तुकड्याला पूर्वी नाव होतं. चिंचेची पट्टी, म्हसोबाचा माळ, वरलं वावर, डोहाकडचं खाचर. कुठल्या बांधावर कोण भांडलं, कुठे विहीर लागता लागता राहिली, कुठे बैल बुजला, असं सगळं पन्नासेक पानं लिहून झालं होतं. हे कुणाला वाचायला देता का, म्हणून विचारायची चूक मी एकदा केली. उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

दसरा झाला आणि एका रविवारी सकाळी ते चक्क जिना चढून माझ्या दाराशी आले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"सायेब, आमचा लॅपटॉप बोलंना."

"लॅपटॉप कशाला बोलेल काका?"

"बोलतो. लिवलेलं वाचून दावतो, तसलं बशिवलंय त्याच्यात. पन आता गप झालाय. भाऊबीजेच्या आत बोलता झाला पायजे. आक्काला ऐकवायचंय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, धरणाच्या काठी मुळशीत दिलेली. तिची नजर गेली होती. आणि नऊ वर्षांत तिने भावाला भाऊबीजेला बोलावलं नव्हतं, ही गोष्ट मला काकांनी नाही, आख्ख्या जांब्याने सांगितली होती. यंदा तिचा निरोप आला होता. "तुम्हीच वाचून दाखवा की," मी म्हणालो. काका मान हलवून म्हणाले, "त्यात एक ओळ हाय. ती माझ्या तोंडून न्हाई निघायची."

आता मी पोट भरतो ते याच कामावर. दिवसभर कानाला हेडफोन लावून परमुलखातल्या लोकांची बिघडलेली सॉफ्टवेअरं ठीक करून देतो. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. लिखाणाच्या सॉफ्टवेअरला एक एक्स्टेन्शन जोडलेलं होतं. ते आपण लिहिलेला मजकूर उचलून वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या हवाली करतं, आणि तो दुसरा प्रोग्राम मराठीत बोलतो. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'बाहेरचा प्रोग्राम वापरता येत नाही.' वाचणारा प्रोग्राम एकटा चालवून पाहिला, तर तो ठणठणीत बोलत होता. म्हणजे बोलणारा धडधाकट, लिहिणारा धडधाकट, आणि दोघांची गाठ मात्र पडत नव्हती. काका माझ्या पाठीशी उभे राहून सूचना देत होते. "पानी कुटं तुंबलंय ते बगा. पाटात माती आसंल. वरून या, वरून." माझ्या बारा वर्षांच्या अनुभवाला कुणी इतक्या कमी शब्दांत हाकललं नव्हतं.

मी वरून आलो, खालून आलो. एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवलं. वाचणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने घातला. मग लक्षात आलं, की ते लिखाणाचं सॉफ्टवेअर एका बंद डब्यात बसवलेल्या प्रकारचं आहे, त्याला डब्याबाहेरचं काही दिसतच नाही. सापडला चोर! ते आख्खं उपटून काढलं, साधं, बिनडब्याचं बसवलं, बटण दाबलं, आणि लॅपटॉप खणखणीत बोलला, "चिंचेची पट्टी." काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. हसू म्हणजे, मिशी थोडी हलली. मी ऐटीत वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. "गप झाला."

त्या दोन आठवड्यांत हेच पाच वेळा झालं. मी ऑफिसातून दमून यायचो, खाली बसायचो, सगळं पुसून नव्याने बसवायचो, लॅपटॉप बोलायचा, मी वर जायचो, आणि सकाळी तोच दरवाजा, तेच "गप झाला." एकदा तर मी रात्री जेवलो नाही इतका चिडलो. वीज कमी-जास्त होत असेल, डिस्क खराब असेल, लॅपटॉपला आमच्या काकांचा स्वभाव लागला असेल, असे सगळे संशय घेऊन झाले. इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले तोडगे वाचून डोकं गरगरायला लागलं. भाऊबीज चार दिवसांवर आली होती, आणि काका चिडत नव्हते याची मला जास्त चीड येत होती. ते फक्त विचारायचे, "व्हईल न्हवं?" शेवटी मी म्हटलं, "काका, आता मी कशाला हात लावणार नाही. तुम्ही उघडा, तुम्ही चालवा. मी नुसता मागे बसतो."

ते बसले. चष्मा लावला, फाइल उघडली, एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. 'हे एक्स्टेन्शन बाहेरचा प्रोग्राम चालवू इच्छिते. परवानगी द्यायची का?' खाली 'हो' आणि 'नाही', आणि 'पुन्हा विचारू नका' याच्यासमोर एक रिकामा चौकोन. काकांचं बोट, जे एकेका अक्षरापाशी बी पेरत थांबायचं, ते या वेळी घारीसारखं खाली आलं. चौकोनात खूण, 'नाही'वर टिचकी. खेळ खलास. लॅपटॉप गप.

"काका!" मी ओरडलोच. "अहो तुम्ही 'नाही' का दाबलंत? वाचलंत तरी का?"

"वाचायचं कशाला? इचारतोय म्हंजे कायतरी मागतोय."

मी डोक्याला हात लावला. मग हळूहळू मला माझी लाज वाटायला लागली. कारण तीच चौकट पाच वेळा माझ्यासमोरही आली होती आणि मी पाचही वेळा ती न बघता 'हो' दाबून मोकळा झालो होतो. आमच्या धंद्यात कुणी काही विचारलं की आम्ही 'हो' दाबतो. ते न वाचता 'नाही' म्हणणारे, मी न वाचता 'हो' म्हणणारा, आणि त्या बिचाऱ्या चौकटीतली दोन ओळींची विनंती आजवर कुणीच धड वाचली नव्हती.

मी सगळं पुन्हा नव्याने बसवून ती चौकट परत आणली आणि त्यांना समजावलं, की हा मागणारा तुमच्याच घरातला आहे, याला हो म्हटल्याशिवाय तो बोलणार नाही. त्यांनी बोट पुढे नेलं. ते 'हो'पर्यंत गेलं, आणि मागे आलं.

"न्हाई हुयाचं सायेब. एकदा म्हनलोय मी व्हय."

मग ते बोलले, माझ्याकडे न बघता. जमिनींचे भाव चढले तेव्हा दलाल रोज ओट्यावर येऊन बसत. आक्काचं नाव वारस म्हणून सातबारा उताऱ्यावर होतं, तिचं हक्कसोडपत्र लागत होतं. ती म्हणाली, सगळं घे, पण डोहाकडचं खाचर विकू नको, आईने तिथे शेवटची लावणी केली. हे म्हणाले, राखीन. तिने न वाचता सही केली. चार महिन्यांत दलालाने खाचराच्या विक्रीचा कागद पुढे केला, आणि यांनीही न वाचता सही केली. त्यानंतर समोरून आलेल्या कुठल्याच कागदाला, माणसाला आणि जिलबीला त्यांनी होकार दिला नव्हता.

"कुठे होतं हो ते खाचर?" मी विचारलं.

"मागून मीच जाऊन परत घेतलं त्यातलं तीन गुंठं. त्याच्यावर ही बिल्डिंग बांधली. तुमी झोपता तितंच की."

यानंतर माणूस चिडणार कुणावर! मी म्हटलं, चला, मीच येतो.

भाऊबीजेला माझ्या गाडीतून आम्ही निघालो. पौड मागे पडलं. लॅपटॉप त्यांनी मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरला होता. आक्कांचं घर लहान, पुढे ओसरी, खाली भाताची खाचरं कापणीला आलेली, आणि पलीकडे धरणाचं पाणी. आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. काका समोर बसले. दोघांपैकी कुणी "बरी आहेस का" एवढंही म्हणालं नाही. मला वाटलं, बरं झालं आपण यंत्र आणलं. मी फाइल उघडली, चौकट आली, मी ती या वेळी नीट वाचली आणि 'हो' दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. "चिंचेची पट्टी. हिच्या पूर्वेला बांध..."

आक्कांनी मान वाकडी करून ऐकलं. "ह्यो कोन बोलतोय?"

"मशीन हाय," काका म्हणाले.

"त्याला काय ठावं चिंचंची पट्टी?"

"मी लिवलंय."

"मग तुला काय झालंय? बंद कर त्याला. तू वाच."

दोन आठवडे ज्याच्यासाठी मी जेवणाखाण्याची शुद्ध हरपून बसलो होतो, तो आवाज एकूण पाऊण मिनिट चालला. खोटं कशाला सांगू, मला आक्कांचा रागच आला. पण काकांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. अडखळत, शाळेतल्यासारखं. आक्का मध्येमध्ये हटकत होत्या. "आंबा न्हवता तितं, जांभूळ व्हतं." "बैल ढवळ्या न्हवं, पवळ्या बुजला." काका दुरुस्त्या मान्य करत पुढे जात होते. मग डोहाकडचं खाचर आलं, आणि त्यांचं बोट थांबलं. ती ओळ मला दिसत होती. 'आक्का, खाचर राखीन म्हनलो व्हतो, राखलं न्हाई, चूक झाली.' काकांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माझा हात आपोआप बटणाकडे गेला.

"थांबलास का?" आक्का म्हणाल्या.

काकांनी लॅपटॉप मिटला. माझं बोट अडकता अडकता वाचलं. आणि लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून ते म्हणाले, "आक्का, मी खोटं बोललो गं तुझ्याशी."

 मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. आक्कांनी माफ केलं म्हटलं नाही, आणि काही विचारलंही नाही. त्यांनी आत तोंड करून सुनेला हाक मारली, "ताट आन गं. आन त्याला पाटावर बशीव."

सुनेने निरांजन लावलं. आक्कांनी आधी हाताने भावाचा चेहरा चाचपला, गाल, मिशी, टोपीखालचं टक्कल. नऊ वर्षांत तो किती म्हातारा झाला, ते त्यांना बोटांनीच कळत होतं. मग चिमटीत कुंकू घेऊन त्यांनी ते लावलं. कपाळ थोडं हुकलं. ओवाळताना ज्योत मिशीला लागू नये म्हणून काकांनी आक्कांचं मनगट धरलं होतं, आणि ताट दोघांचं मिळून फिरत होतं.

पुढची दिवाळी आक्कांनी पाहिली नाही. मला त्या दिवसाची आठवण होते ती परतीच्या वाटेवरची. पौडला आम्ही चहाला थांबलो तेव्हा चहावाला काकांकडे बघून हसला, म्हणून मी म्हणालो, "काका, कुंकू कपाळावर नाही, भुवईवर आलंय. पुसू का?"

काकांनी गाडीच्या आरशात पाहिलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिला जितं कपाळ घावलं, तितं लावलं."