न अडकलेलं मशीन

कळंबच्या बाई मशीनला हात न लावता त्याची चूक शोधायच्या. प्रोग्रामचे छापील कागद टेबलावर पसरायच्या, एक लाल आणि एक निळी पेन्सिल घ्यायच्या आणि दुपारभर वाचत बसायच्या. पुण्याच्या त्या कचेरीत आमच्या जिल्ह्याची आम्ही दोघंच, मी भूमचा. खरं तर मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. वाटायचा तो हेवा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दोन प्रोसेसरांच्या मशीनसाठी आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहीत होतो. मेमरीचा भाग माझ्याकडे. एक प्रोसेसर मेमरीच्या यादीत फेरफार करत असताना दुसऱ्यानं मध्ये हात घालू नये, म्हणून यादीला लॉक, म्हणजे कुलूप, लावायचं आणि काम झालं की सोडायचं. अशा याद्या दोन, म्हणून लॉकही दोन. साहेब माझ्या कामाला छान म्हणत, पण वर सांगत, एकदा बाईंच्या नजरेखालून घाला. ते मला घासातल्या खड्यासारखं लागे.

एकदा त्या माझेच कागद घेऊन आल्या. मेमरी देताना मी एक लॉक आधी घेत होतो आणि दुसरं नंतर. मेमरी परत घेताना नेमकं उलटं. दोन्ही कामं एकाच क्षणी निघाली, तर दोन्ही प्रोसेसर एकेक लॉक धरून दुसऱ्याची वाट बघत कायमचे थांबतील, असं त्यांचं म्हणणं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी हे विहिरीवर पाहिलं होतं. दोर एका घराचा, बादली दुसऱ्याची; आधी द्यायला कुणीच तयार नाही, आणि मागं त्यांच्या आईची घागर दिवसभर रिकामी.

तीन महिन्यांत मशीन एकदाही अडकलं नाही, असं मी ठणकावलं.

"अडकलं न्हाय म्हणून अडकणारच न्हाय, असं कुठं असतंय?" त्या म्हणाल्या.

मी तडक साहेबांकडे गेलो. बाई माझ्यावर जळतात म्हणून काम अडवतात, असं सांगितलं. साहेबांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, मी बाईंनी दाखवलेल्या दोन ओळींची गुपचूप अदलाबदल केली; आता दोन्ही कामांत लॉकचा क्रम एकच झाला.

मशीन गिऱ्हाइकाकडे गेलं आणि कधीच अडकलं नाही. बाईंना उगाच शंका काढायची खोड आहे, असं सगळे म्हणू लागले. मला बढती मिळाली. त्यांना माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. वर्षभरात नोकरी सोडून त्या कळंबला शिकवायला गेल्या.

काही वर्षांनी कळंबच्या स्टँडवर त्या दिसल्या. केस पिकले होते, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मला राहवलं नाही, सगळं कबूल केलं.

"ठाऊक हाय की. बदललेलं दुसऱ्याच दिवशी वाचलं मी."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"बोलले असते, तर तुम्ही ते पुन्हा पहिल्यासारखं केलं असतं."

भूमची गाडी लागली होती. मी पिशवी उचलून चढलो. बाईंना खोटं पाडायला मी खरंच तसंच केलं असतं. येरमाळ्यापर्यंत नुसती लाज वाटत होती. पुढं मनात आलं, इतकी वर्षं असं गप्प राहणं आपल्याला कधी जमलं असतं का? आणि पुन्हा हेवाच वाटला.