कुलपातली विद्या

छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘जोडतोडे’ म्हणत. इंग्रजीत म्हणे काही शब्द जोडून लिहिले तर एक अर्थ, तोडून लिहिले तर दुसरा. ‘एव्हरी डे’ तोडला तर दररोज. जोडला तर नेहमीचं, साधंसुधं. एवढ्या चिमूटभर विद्येवर हा माणूस तीस वर्षं छाती काढून चालला! असल्या शब्दांची त्यांची एक वही होती, टेबलाच्या खणात, कुलपात. कोणी विचारलं, "साहेब, हे जोडून की तोडून?" की चष्मा काढून म्हणायचे, "ठेवून जा." का, ते सांगायची बात नाही. सांगितलं तर उद्या आपल्याला कोण विचारणार?

निवृत्ती महिन्यावर आली. खुर्ची तर सोडवेना. मग जोडतोड्यांनी डोकं लढवलं: खणाची किल्ली खिशात टाकली आणि रजेवर गेले. काम अडेल, मालक धावत येतील, आणखी चार वर्षं राहा म्हणून पाया पडतील!

आठ दिवस फोनपाशी बसून काढले. बायको म्हणाली, "अहो, उबवून फोनातून पिल्लू निघत नसतं. उठा, आंघोळ करा."

नवव्या दिवशी स्वतःच गेले. यंत्रं धडधडत होती. त्यांच्या खुर्चीत गठ्ठे बांधणाऱ्या मावशी, हातात तांबडं पेन. जोडायचं तिथे अक्षरांवर कमान, तोडायचं तिथे उभी रेघ. एखादी खूण चुकली असती तरी जोडतोड्यांचा जीव थंड झाला असता. एकही चुकली नव्हती.

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"तुम्हीच की! तुमचे तपासलेले कागद रद्दीत येतात, वीस वर्षं त्यातच गठ्ठे गुंडाळतेय. आधी वाचायचे, मग गुंडाळायचे." मावशींनी एक कागद पुढे केला. "दोन शब्द तेवढे अडलेत. सांगता?"

सवयीनं चष्मा निघाला. "ठेवून जा."

"मी कुठं जाऊ, साहेब? पहिल्या तारखेपासून मालकांनी मला इथंच बसवायचं ठरवलंय. जाणार तुम्ही." मावशींनी कागद मागे घेतला. "राहू द्या, शब्दकोशात बघते."

किल्ली खिशात घेऊनच जोडतोडे निवृत्त झाले. संध्याकाळी ओट्यावर बसून ती बोटावर फिरवत असतात. मागायला अजून कोणी आलेलं नाही.