शुक्रवारचा डबा

तात्यारावांनी आपणहून शुक्रवार मागून घेतला, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढं मन या माणसाचं!

बायनाबाई गंगाखेडात चर्चमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. चाळीस वर्षं त्यांनी पायी गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगितलं, अडलेल्या बायांची बाळंतपणं केली, पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. तहसिलातून कारकून म्हणून निवृत्त झालेले तात्याराव त्यांच्याच हाताखाली लिहाय-वाचायला शिकलेले. आता बायनाबाईंची, म्हणजे सगळ्यांच्या मावशींची, ऐंशी उलटली, चुलीपुढं बसवेना. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी सात दिवसांना सात घरं नेमून दिली. ज्याचा दिवस त्यानं डबा पोचवायचा.

आता शुक्रवारच का? तर शुक्रवारी मावशींचा उपास-प्रार्थनेचा दिवस, दिवसभर नुसत्या पाण्यावर. तात्यारावांना हे लहानपणापासून ठाऊक. म्हणजे नावही झालं आणि घरी तवाही ठेवायला नको. बायकोला, शीलाला, तर त्यांनी डब्याच्या पाळीचं सांगितलंच नाही. वा रे पठ्ठ्या!

पाच महिने असेच गेले. एका शनिवारी सकाळी मावशी भोवळ येऊन पडल्या. तात्याराव आणि शीला त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले.

"काल काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी उपास असतो त्यांचा," तात्याराव लगेच म्हणाले.

"कसला उपास? शुगरच्या गोळ्या चालू आहेत. वर्षापूर्वीच मी उपास सोडायला लावले, आणि सोडलेही त्यांनी!"

शीलानं विचारलं, "अवो, शुक्रवारी डबा कुणाकडं असतोय?"

त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तात्यारावांना झालं.

खाटेवरून मावशीच बोलल्या. "गुरुवारची अर्धी भाकर ठिवायचे मी. कवा उरायची, कवा न्हाई. न्हाई उरली की म्हणायचे, चला, आज तात्याच्या घरासाठी उपास. तुझ्या एकेका लेकराचं नाव घिऊन मागायचे बघ देवाकडं."

यापरीस चार शिव्या हासडल्या असत्या तर!

"मावशी, मी विसरलो न्हवतो," तात्याराव कसेबसे म्हणाले. "मी जाणूनबुजून..."

"ठाऊक हाय रे. पयल्याच शुक्रवारी कळलं मला." मावशींनी डोळे मिटले. "आता काईतरी खायला आण बाबा. लय भूक लागलीय."

शीला नवऱ्याकडं न बघताच घराकडं निघाली.