देव नसलेले फोटो

अर्धे देव चिंचेने घासून ताटात लखलखत होते, अर्धे अजून काळवंडलेलेच होते, आणि तेवढ्यात दर्शनाचा फोन वाजला.

फोन ठाण्याजवळ बाळकुमला राहणाऱ्या कादंबरी नावाच्या बाईंचा होता. त्यांचा नवा बंगला बांधून झाला होता. आतलं काम कोणाला द्यायचं ते रविवारी ठरणार होतं. डोंबिवलीत राहून इंटिरिअरची लहानसहान कामं करणाऱ्या दर्शनाकडे एवढं मोठं काम आजवर आलं नव्हतं.

"ताई, वेबसाइट बघितली. घरं मस्तच आहेत. पण सासूबाई म्हणतात, या बाईच्या एकाही घरात देव नाहीत. आमचे कुठे पाठवणार ही?"

प्रत्येक घरातला देव्हारा दर्शनाने जीव ओतून केलेला. समईची काजळी छताला लागू नये याचा विचार, वातींसाठी वेगळा खण. फोटोच्या वेळी मात्र तिनेच देव उचलायला लावलेले. पसारा दिसतो म्हणून चपला हलवल्या, वाळत घातलेले टॉवेल हलवले, तसेच देवही.

ती परत पाटावर बसली. बाळकृष्ण घासताना तिला त्याच्याकडे बघवेना, पण तिने सगळे देव घासले, पूजा केली आणि मगच उठली.

"अगं, दोन-चार फोटो बदल, झालं," नवरा श्रीपाद म्हणाला.

"नाही. सगळी वेबसाइट काढून टाकते. मुळापासून नवी करते."

"रविवारपर्यंत?"

"तू फक्त कुकरच्या शिट्ट्या मोज. बाकी मी बघते."

ती थेट दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या विमलाबाईंकडे गेली. त्यांची एवढीशी खोली तिने आजवर वेबसाइटवर टाकलीच नव्हती. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तिथे तिने बसायच्या बाकाच्या पोटातच पिंपं बसवली होती. झाकण उचललं की पाणी.

तिने देव्हाऱ्याकडे कॅमेरा रोखला, तशी विमलाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. देवांची अंघोळ व्हायचीय. पारोशा देवांचा फोटो काढतेस? तुझा काढू का तसा, अंथरुणातून उठल्या उठल्या?"

"काकू, याआधी तर मी देवच उचलायला लावायचे."

"मग बस आता. वाती वळ."

दर्शना वाती वळत बसली. पूजा झाली, जास्वंद वाहिली, उदबत्तीची राख फळीवर पडली. ती न पुसता तिने फोटो काढला. मग बाकाचं झाकण उघडून पाण्यावर तरंगणाऱ्या तांब्यासकट पिंपाचाही काढला. तिथून पुढे ती एकेका जुन्या घरी गेली आणि सगळीकडे पूजा होईपर्यंत थांबली.

रविवारी सकाळी नवी वेबसाइट उघडली.

"सगळ्यात वर विमलाबाईंची खोली?" श्रीपादने विचारलं. "बंगल्याचं काम हवंय ना तुला?"

"हवंय. म्हणूनच."

संध्याकाळी कादंबरीचा फोन आला. "काम अजून नक्की नाही हं. पण सासूबाईंनी त्या पाण्याच्या बाकाचा फोटो मोठा करून करून बघितला. म्हणाल्या, आधी आमच्या आत्ताच्या देव्हाऱ्याची मापं घ्यायला ये म्हणावं. देव जागचे हलवायचे नाहीत, त्यांच्या बाजूबाजूने घ्यायची."

दर्शनाने मोजपट्टी पर्समध्ये टाकली. उद्या पूजा आटोपली की बाळकुमला जायचं, देव्हाऱ्याची मापं घ्यायला.